श्वासाची जागा

मी गाडी चालवायचो, एवढंच.
पांढरी ट्रान्झिट, मागचं दार दोरीनं बांधलेलं,
आणि आत टाइडटेबल:
मोरकमची चार पोरं आणि अ‍ॅव्हरिल.
नाव गॉडफ्रीचं. बंदरावरच्या दुकानात
भरती-ओहोटीच्या वेळांची चोपडी मिळायची, तिच्यावरून.
म्हणाला, पाणी रोज वेळेवर येतं, आपणही येऊ.
पहिल्याच कार्यक्रमाला पाऊण तास उशीर झाला.

त्यांचं वाजवणं मऊ होतं.
एका पेपरवाल्यानं लिहिलं, चहात बुडवलेलं बिस्किट.
गॉडफ्रीनं कात्रण पाकिटात घातलं, रागानं,
आणि मरेपर्यंत बाहेर काढलं नाही.

चौऱ्याहत्तरचा जानेवारी.
सरकारनं वीज मोजूनमापून दिलेली,
रॉचडेलच्या त्या गोदामात हीटर बंद,
आयव्हर हातमोजे घालून ड्रम वाजवतोय
आणि अ‍ॅव्हरिलला सणकून सर्दी.
वीज जायला पाच मिनिटं.
तिसऱ्या कडव्यात, ‘हार्बर’ शब्दाच्या ऐन मध्यावर
तिचं नाक चोंदलं.
हार्
(श्वास)
बर.
पुन्हा घेऊ म्हणेपर्यंत दिवे गेले.
तेच राहिलं, तेच छापलं गेलं,
तेच त्या वर्षी देशभरच्या स्वयंपाकघरांत
बटाटे सोलता सोलता बायका गुणगुणत होत्या, श्वासासकट.

मग घर फिरलं, वासे फिरले.
आयव्हर रेक्सहॅमला गेला, सासऱ्याच्या गालिच्यांच्या दुकानात.
लायनलला येशू भेटला, तोही कॅनडात.
त्याच्या जागी केल्विन, केल्विनच्या जागी डर्मट,
डर्मटच्या जागी एक जण, ज्याचं नाव मला
ब्रॅडफर्डपासून हलपर्यंत आठवत होतं.
बेस वाजवणाऱ्यांचा हिशोब मी सोडून दिला.

अ‍ॅव्हरिलला कुणी काढलं नाही.
असं कुणी कुणाला काढत नसतं.
शहात्तरच्या मे महिन्यात, ती सहा महिन्यांची पोटुशी,
गॉडफ्री मला म्हणाला, आज चारच माइक चढव.
मी चारच चढवले.
ती फुटपाथवर आली, बॅग घेऊन,
तिनं गाडीत डोकावून पाहिलं, मोजलं असणार,
आणि म्हणाली, दोरी नीट बांध रे, मागच्या वेळी सुटली होती.

पुढे कोर्ट.
एकाच नावाच्या दोन टोळ्या,
एक ब्लॅकपूलला वाजवतेय, एक जर्मनीत,
आणि प्रेस्टनमध्ये एक न्यायाधीश विचारतोय,
हे टाइडटेबल म्हणजे नक्की कोण?
मला साक्षीला बोलावलं होतं.
मी सांगितलं, साहेब, मला फक्त वजन ठाऊक आहे.

काल स्कारबरोला गेलो. ज्येष्ठांचं तिकीट, सातवी रांग.
मंचावर सहा जण, एकही माझ्या गाडीत बसलेला नाही.
ड्रमवर तेच जुनं अक्षर,
भिंतीवर गॉडफ्रीचा फोटो, मुद्दाम थोडा धूसर केलेला.
गाणारी टॅमसिन. चोवीस-पंचवीसची असेल,
त्या हिवाळ्यात तिची आईही शाळेत नसेल.
तिसरं कडवं आलं.
तिनं डोळे मिटले, मान किंचित कलती केली,
हार्
आणि थांबली. नाक मोकळं, छाती निरोगी, तरीही
बरोबर तेवढाच, तिथेच, श्वास घेतला.
तिला वाटत असेल ती कला आहे.
माझ्या बाजूच्या बाईनं घेतला. तिच्या नवऱ्यानं घेतला.
अख्ख्या सभागृहातल्या पिकल्या डोक्यांनी
एका बाईची सर्दी
पन्नास वर्षांनी एकदम आत ओढली.

बर, म्हणाले सगळे.

मी नाही म्हणालो.
बाहेर आलो तर ओहोटी लागलेली, वाळू उघडी पडत चाललेली,
आणि मागच्या दाराशी एक पोरगा
गाडीत सामान चढवत होता.
किती माइक, विचारलं.
सहा, म्हणाला. का?
काही नाही, म्हटलं. मोजून घे.